बर्फातली बाई आणि माझी पोर

१९४७ साल. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. पलटणीतून जपान बघून उचगावला परत आलो होतो. तिकडच्या एका म्हातारीनं सांगितलेली गोष्ट मी हौसेनं पारावर सांगितली. बर्फाच्या वादळात पांढरीफेक बाई येते, माणसावर फुंकर घालते, आन माणूस जागीच गारठून मरतो.

आठवड्यात माझी चार वर्षांची पोर तापली. घोंगड्यांवर घोंगड्या घातल्या तरी दात वाजत होते. गावचा देवऋषी आप्पा म्हणाला, "तुझ्या मागनं ती बाई आलीया. उतारा टाका, आन ताप जाईस्तवर पोरीला शिवेभायेर न्यायची न्हाय."

माझं डोकंच फिरलं. "आप्पा, बर्फाची बाई ती, बोटीवरच वितळली असती की वो! ह्यो हिवताप हाय. बर्मात निम्मी पलटण ह्यानंच आडवी झालती, कोयनेलच्या गोळ्यांनी उठली."

"गप बस रं, लई शाना झालास," असं म्हणत आईनं त्याच्यापुढं नारळ ठेवला. पोरीचे ओठ निळे पडत होते, आन हे लिंबू कापत बसले होते! अजून आठवलं की अंगाची लाही होते.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच पोरीला घोंगडीत गुंडाळून खांद्यावर घेतली, आन कुणाला न विचारता शीव ओलांडून बेळगावच्या दवाखान्याची वाट धरली.