मुरबाडकराचे खेकडे

मुलांनो, तुम्ही तिकडे पक्षी बघायला समुद्रावर जाता असं कळलं आणि मला हा माणूस आठवला. त्याचं नाव काही मी विचारलं नाही.

मी शाळकरी असताना बाबा आम्हांला शहापूरहून केळव्याच्या किनाऱ्यावर पक्षी दाखवायला घेऊन गेले. तिथे वाळूच्या टेकाडावर मुरबाडकडचा एक शेतकरी ओणवा बसला होता. दुपारच्या कालवणाला खेकडे आणतो, असं त्याने शेजारी बसलेल्या बायकोला छातीठोकपणे सांगितलं होतं. तिने वाटणसुद्धा वाटून आणलं होतं.

भाताच्या बांधावरचं बीळ चिखलाने बुजवलं की खेकडा आपसूक तोंडाशी येतो, असं त्याने आम्हांला समजावलं. मग ओल्या वाळूने एक बीळ बुजवून तो डोळे वटारून बसला. खेकडा त्याच्या पाठीमागच्या दुसऱ्याच बिळातून निघाला आणि तिरका धावत सुटला.

“अवो, ते बघा, तुमचं कालवण चाललं दर्यात!” बायको ओरडली.

तो मागे धावला, तोंडावर आपटला आणि मिशीतली वाळू झाडत म्हणाला, “आमच्या शेतातले खेकडे असं वागत नाय गो. यांना काय रीतच नाय!”

बाबांची दुर्बीण आम्ही त्याच्यावरच रोखली होती. पक्षी कोणते आले, देव जाणे.

शेवटी दोघं त्या बुजवलेल्या बिळापाशीच नुसत्या वाटणाशी भाकरी खायला बसली. पहिल्याच घासाला तो डोळे मिटून म्हणाला, “खेकड्याची चव आली गो!”

“येल नाय तर काय,” ती म्हणाली, “त्याच्याच दारात बसून जेवतोय ना आपण.” आणि तिने त्याला आणखी वाटण वाढलं.