वीतभर काळी माती

माझं माहेर पिंपरीचं आणि सासर चिखलीचं. आज मधे नुसती घरंच घरं आहेत. तेव्हा बैलगाडीनं निघालं की वाटेत माळ, ओढे आणि बाभळी, एवढंच लागायचं. अंतर फार नव्हतं, पण जमिनीत जमीन-अस्मानाचा फरक. माहेरचं रान पवना नदीच्या अंगाला, काळंभोर. सासरचं रान माळावर, मुरमाड. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी तिथं खुरपं घातलं आणि ते खणकन वाजलं. माझे मालक हसले. मला मात्र रडू आलं.

आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, सगळं आयुष्य त्या काळ्या रानात गेलं. रान आयतं काळं नसतं, ते ठेवावं लागतं, असं ते म्हणायचे. गोठ्यामागं त्यांचा खताचा खड्डा होता. शेण, पालापाचोळा, चुलीतली राख, बैलाच्या मुताची माती, सगळं थराथरानं त्यात जायचं आणि वरून चिखलानं लिंपून टाकायचं. कच्चं शेण त्यांनी कधी रानात टाकू दिलं नाही. कच्च्या शेणानं हुमणीची अळी होते आणि पिकाची मुळं खाते. खत पिकलं का, हे ते वासावरून ओळखायचे. शेणाचा वास गेला आणि ओल्या रानाचा वास आला, की खड्डा उघडायचा, तोही अमावास्या टाळून. उन्हाळ्यात धनगर मेंढरं घेऊन आले की त्यांना बोलावून लेंड्यांच्या खतासाठी रानात मेंढरं बसवायची. वर्षाआड ताग पेरायचा आणि फुलावर आला की उभाच नांगरून मातीत गाडायचा.

माझा धाकटा भाऊ हे सगळं करायचा, पण गप्प राहून. कुळवाची पास, म्हणजे खालचं लोखंडी पातं, जरा वर आली की आबा त्याच्यावर खेकसायचे. "पास वर उचलतीया, दाब जरा! कुळवतोयस का जमीन कुरवाळतोयस?" तो कुळव दाबायचा. आई लवकर गेली होती, त्यामुळे मधे पडणारं कुणी नव्हतं. मी माहेरी गेले की त्याची बाजू घ्यायचे, तेव्हा आबा म्हणायचे, "पुढं त्यालाच करायचंय हे. म्हून बोलतो."

एकोणीसशे पन्नास साल उलटून गेल्यावर पिंपरीत कारखाना येणार असं बोललं जाऊ लागलं. मग मोजणीची माणसं आली, रानात चुना पडला आणि खुंट्या रोवल्या गेल्या. आबांचं सगळं रान त्या खुंट्यांच्या आत होतं. ज्यांची रानं गेली त्यांच्या पोरांना कारखान्यात घेणार होते. भावाचं नुकतंच लग्न झालेलं. त्याचं नाव लागलं.

मला हे कळलं तेव्हा मी माहेरी धावले. वाटलं होतं, आबा अंथरूण धरून बसले असतील. ते गोठ्यामागं खड्डा लिंपत होते.

"आता कशाला लिंपताय, आबा?"

"खताला काय ठावं, रान गेलं ते?"

 तिसऱ्या दिवशी त्यांनी बैल जुंपले, मला गाडीत घातलं आणि माझ्याबरोबर चिखलीला आले. आमच्या माळावरून चालत राहिले. मुरूम पायानं उकरत, उतार कुठून कुठं जातो ते बघत. मग मालकांना म्हणाले, "जावईबापू, गाड्या किती मिळत्याल?"

"कशाला, मामा?"

"माती आणायला. रान त्यांचं झालं. ज्वारी काढून न्यायची मुभा हाय. मी सायबाला इचारलं, माती नेऊ का वरची. तो हसला. म्हनला, न्या की, आमाला तिथं पायाच खणायचाय."

मालक माझ्याकडं बघायला लागले. माझ्या मनात पहिल्यांदा आनंदच आला, हे खरं. आमच्या माळावर काळी माती! आणि लगेच, त्याच्या पाठोपाठ, भावाचा चेहरा आला. ते रान त्याचं होणार होतं. मी म्हटलं, "आबा, त्याला इचारलं का?"

"त्याला काय इचारायचं? त्याच्याकडं टाकायला जागा कुठं हाय?"

ते बरोबरच होतं. भावाकडं उरलं होतं ते घर आणि परसातला तुकडा. पण बरोबर असलं म्हणून मनाला लागत नाही असं थोडंच असतं.

माती आणण्याआधी आबांनी आम्हाला आमच्या उतारावर दगडी ताली, म्हणजे आडवे बांध, घालायला लावल्या. ताल नसली तर आणलेली माती पहिल्या पावसाळ्यातच ओढ्याला जाईल, म्हणाले. मी आणि मालकांनी माळावरचेच दगड गोळा करून त्या रचल्या. ज्वारी निघाली आणि उन्हाळ्यात गाड्या सुरू झाल्या. भावकीतल्या चार गाड्या आणि आमची एक.

आबा स्वतः केणी धरून उभे होते. केणी म्हणजे बैलांनी ओढायचं रुंद लाकडी सुपडं, त्यानं माती खरवडून ढीग लावता येतो. त्यांनी वीतभरच माती काढू दिली, त्याखाली हात लावू दिला नाही. "खालची माती झोपल्याली असती. वरची जागी हाय. तेवढीच न्या."

ढिगातून गाड्या भरायला भाऊ होता. माझी कल्पना होती, तो बाजूला उभा राहील, तोंड वाकडं करील, निदान एखादा शब्द टाकील. तसं काही झालं नाही. तो फावडं मारत होता, ते असं की गाडीवान म्हणाले, "आरं, दमानं. माती पळून न्हाई चालली." तो थांबायचा नाही. अंगातून घाम निथळायचा. आणि माझ्याकडं एकदाही बघायचा नाही. मी डोळे पुसत पाण्याचा तांब्या पुढं केला तर खाली बघूनच प्यायचा. मी गाडीबरोबर निघाले की मागं फावड्याचा आवाज येत राहायचा. मला वाटायचं, हा माझ्यावरचा राग मातीवर काढतोय. वाटायचं, गाडी उलटी फिरवावी. पण गाडी चिखलीकडंच जायची, आणि माळावर काळा ढीग पडला की मला तो बघत राहावासा वाटायचा.

पावसाच्या आधी आबांनी ती माती आमच्या रानात पसरून घेतली. नुसती वर टाकून चालत नाही. त्यांनी आमचा मुरूम आधी नांगरून घेतला, मग माती टाकली, मग माहेरच्या खड्ड्यातलं पिकलेलं खत टाकलं, आणि उभा-आडवा कुळव घालून सगळं एकमेकांत मुरवलं. शेवटच्या गाडीत त्यांनी आपला कुळव, पाभर, नांगर सगळं आणलं. पाठोपाठ बैल. आणि मग ते स्वतःच राहिले.

लेकीच्या घरी राहायचं नाही म्हणून घरात झोपायचे नाहीत, रानातल्या खोपीत झोपायचे. तरी लोक बोलायचेच. पाण्यावर बाया म्हणायच्या, "बापाचं रान बी आनलं आन् बाप बी आनला." थट्टाच होती, पण मला ती घरी येईपर्यंत पुरायची. तिकडं भाऊ पहाटे उठून कारखान्यात जायचा, वहिनी दिवसभर घरात एकटी. आणि इकडं आमच्या बाजरीला कणसं धरली होती. चांगली टपोरी धरली होती. मी राखणीला उभी राहायचे आणि वाटायचं, हे धान्य खाताना माझा घास घशात अडकणार. तसं झालं नाही. भूक लागली की खाल्लं जातं. मग त्याचंही वाईट वाटायचं.

आबांनाही चैन पडत नव्हतं. भाकरी खाता खाता म्हणायचे, "पोराचं वाटुळं झालं माज्या हातनं. राजावानी रान असतं, आन् आता भोंगा वाजला की पळतंय." मग भाकरी तशीच ठेवून उठायचे.  ते ज्या रानाकडं बघत बोलायचे ते माझं होतं.

दोन पिकं झाली. मालक आणि मी एकदा बसून ठरवलं की तालीखालचा पट्टा, जिथं माती सगळ्यात जास्त पडली होती, तो भावाच्या नावावर करायचा. हे मालकांनीच काढलं, मी नाही. मला तेही लागलं, की मला आधी सुचायला हवं होतं.

त्याच सुमाराला भाऊ सुटीच्या दिवशी सायकलवर आला. पाठीमागं काहीतरी बांधलेलं. सोडलं तर सायकलची एक जुनी रिम, तिला दोन लाकडी मुठी आणि मागं लोहाराकडून करून घेतलेली वीतभर पास. ढकलत चालायचं कोळपं होतं ते.

"आक्का, तुला गवत भांगलताना कंबर धरती ना? हे उभ्यानं चालतं. बैल नगं, काय नगं. दोन ओळींच्या मधनं निस्तं ढकलत जायचं."

मी ते धरलं. चाक पुढं पळालं आणि मागं पास गवताची मुळं कापत गेली, मातीला जेमतेम खरवडून. मी ओळीच्या टोकापर्यंत गेले आणि तिथंच उभी राहिले, कारण डोळे भरून आले होते. ज्याची माती आणली तो मला अवजार करून देत होता.

आबा खोपीत होते, झोपलेले. मी परत आले आणि म्हटलं, "आमी ठरवलंय. तालीखालचा पट्टा तुजा. दाजी कागद करून देत्याल."

त्याचा चेहरा उतरला.

"नगं आक्का."

"का नगं? तुजीच माती हाय ती."

"तसं न्हाई." तो खाली बसला. कोळप्याचं चाक हातानं फिरवायला लागला. मग म्हणाला, "रान गेलं तवा मला बरं वाटलं."

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

"खुंट्या रोवल्या ना, त्या दिशी आबा गप्प बसलं व्हतं आन् मी आतनं खूष. सुटलो म्हनलं. मला न्हाई आवडत रान. कदीच न्हाई आवडलं. कारखान्यात मशिनवर मला चांगलं जमतं. फोरमन शाबास म्हनतो. आन् आबा माज्यासाठी झुरत्यात. दर वेळी म्हनत्यात, तुजं वाटुळं केलं. मी काय सांगू त्यास्नी?"

"मंग माती भरताना माज्याकडं बघत का नव्हतास?"

"कसं बघणार? तू रडत व्हतीस. मला रडूच येईना."

मी एवढे दिवस त्याचा राग म्हणून जे उरावर घेऊन फिरत होते, तो राग नव्हताच. मला हसावं की त्याला मारावं, कळेना. त्यानं जाताना एवढंच सांगितलं, "आबाला सांगू नगंस."

मी नाही सांगितलं. पण आता आबा "वाटुळं" म्हणाले की मला ते ऐकवेना. आधी निदान मला वाटत होतं की ते खरं बोलतायत. आता खोट्या दुःखापायी एक म्हातारा माणूस अर्धी भाकरी टाकून उठतोय आणि मी समोर बसून बघतेय, असं झालं. पितृपक्षात एकदा त्यांनी आईच्या नावानं पान वाढलं आणि तिचीच माफी मागायला लागले, पोराला रान ठेवता आलं नाही म्हणून. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं.

"आबा, त्याला नोकरी आवडती. रान नव्हतं आवडत त्याला. त्यानंच सांगितलं."

 मला वाटलं, आबा चिडतील. ते हळूच म्हणाले, "मंग येवढी वरसं मी त्याला का राबिवलं? बोल बोल बोललो त्याला."

त्यांनी दुःख टाकलं नाही, नुसतं ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. आणि ते मी करायला लावलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी खोप रिकामी होती. कुणाला न सांगता ते पिंपरीला चालत गेले होते.

पुढचं मला भावानं सांगितलं. दुपारी शिफ्ट सुटली तर आबा फाटकाबाहेर उभे, पागोटं नीट बांधून. भाऊ घाबरला, काही वाईट घडलं असं त्याला वाटलं. आबा म्हणाले, "आत काय करतूस ते दाव." आत सोडणार नव्हते. मग दोघं सायकल हातात धरून चालत घरी निघाले आणि वाटभर आबा विचारत राहिले, मशीन केवढं असतं, कशावर चालतं, हात कुठं ठेवायचा, इजा होत नाही ना. भावानं रस्त्यात काटकीनं मातीवर मशीनचं चित्र काढून दाखवलं. आबा उकिडवे बसून बघत होते. शेवटी म्हणाले, "आन् ह्ये सगळं ध्येनात ऱ्हातं तुज्या?"

"ऱ्हातं की."

"रानातलं न्हाई ऱ्हायलं कदी," आबा म्हणाले, आणि दोघंही हसले. भाऊ म्हणाला, आबांबरोबर हसल्याचं त्याला त्याआधी आठवत नव्हतं.

मला त्यानं रागावून जाब विचारला नाही. "सांगितलंस ते बरं केलंस," असंही म्हणाला नाही. मी बरं केलं की वाईट, मला ते आजही ठरवता आलेलं नाही.

आबा त्या वेळी तिकडंच राहिले. वहिनीला दिवस गेले होते, नातवंड येणार होतं. इकडं रब्बीची पेरणी आली, आणि एक रात्रभर पाऊस झाला. पावसानंतर रान फार ओलंही नको आणि सुकलेलंही नको, त्याला वाफसा यावा लागतो, मगच कुळव घालायचा. वाफसा आला का, हे आजवर आबाच सांगायचे. मालक म्हणाले आला, मलाही वाटलं आला. आम्ही बैल जुंपले. काळी माती अजून ओलीच होती, पासेला चिकटून लगद्यासारखी वर आली. एका उन्हात तिची दगडासारखी ढेकळं झाली. मग आम्ही दोघं मोगरी घेऊन ती ढेकळं फोडत बसलो. मधेच मालक म्हणाले, "मामांना बोलवायचं का?"

मी म्हटलं, "नगं. ऱ्हाऊ द्या त्यांला तिकडं, पोरापाशी."