चुलत्यांसाठी आणलेला माईक

व्हिडिओत माईकची पारख सांगणाऱ्या त्या माणसाचं थोबाड माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. मागं भिंतीला काळा फोम, पुढ्यात चकचकीत माईक आणि जिभेवर साखर. "मित्रांनो, डोळे झाकून घ्या!" आणि मी खरंच डोळे झाकून घेतला. माझ्यासारखं गाढव अख्ख्या वेल्हे तालुक्यात दुसरं नसेल.

माईक हवा होता माझ्या चुलत्यांसाठी. पानशेतच्या वरच्या अंगाला आमचं गाव. तिथल्या भजनात अभंग उचलायचा तो चुलत्यांनीच, मला कळायला लागलं तेव्हापासून. पण मोठ्या दुखण्यातून उठले आणि त्यांचा आवाज बसला. देवळाच्या पायरीवर बसलेल्यांनाही ऐकू जाईना. ते म्हणाले, "आता दुसऱ्या कुणाला म्हणू द्या." मी म्हटलं, "नाना, थांबा. मी माईक आणतो."

भोरात लग्नाकार्यात स्पीकर लावणारा एक दुकानदार आहे. त्यानं साधा, हातात धरायचा माईक पुढं केला. "चुलत्यांना हितं घिऊन या, अभंग म्हणून बघू द्या, मग न्या. भजनाला लई नाजूक माईक नगं." मला वाटलं, हा जुना माल गळ्यात मारतोय. तसाच घरी आलो आणि व्हिडिओखालच्या लिंकवरून माईक मागवला. त्याला वीज पुरवणारा, मधे जोडायचा डबासुद्धा त्या फोमवाल्यानं सांगितलेलाच.

घरी चुलत्यांना एकट्याला म्हणायला लावलं. काय सांगू, श्वाससुद्धा ऐकू येत होता! म्हातारा लाजला, हरखला. एकादशीला धुवट सदरा घालून माझ्या आधी देवळात हजर.

देवळाला वर पत्रा. दोन्ही बाजूंना टाळकरी, मधे पखवाज. चुलत्यांनी तोंड उघडलं आणि स्पीकरमधून आला नुसता टाळांचा खणखणाट. तो नाजूक माईक चहूकडचा आवाज ओढत होता. बटण वाढवलं तर स्पीकर असा किंचाळला, की बायकांनी कानांवर हात ठेवले. कमी केलं तर चुलते गायब. कुणीतरी फिसकन हसलं. चुलत्यांनी देवाला हात जोडले आणि म्हणायचे थांबले.

"आवाजच गेलाय माजा. माईक काय करंल?"

"आवं नाना, माईकचं चुकलंय, तुमचं न्हाई!" मी ओरडलो. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

संतापून त्या व्हिडिओखाली लिहिलं, "कधी पत्र्याच्या देवळात टाळांच्या मधे बसलायस का रे?" त्यानं उत्तरादाखल लाल बदाम टाकला. बदाम! वाचलं तरी होतं का मेल्यानं? त्याला शिव्या घालून झाल्यावर स्वतःला घातल्या. बंद खोलीत एकटा बडबडणाऱ्याचं ऐकून मी भजनाचा माईक घेतला होता, आणि चुलत्यांनाही घरात एकट्यालाच म्हणायला लावलं होतं.

पुढच्या एकादशीला भोरातला साधा माईक आणला. तोंडाशी धरला की फक्त म्हणणाऱ्याचा आवाज पुढं येतो, टाळ मागं राहतात. चुलत्यांच्या हातात दिला. त्यांनी तो शेजारच्याला दिला आणि टाळ घेऊन मागं भिंतीशी जाऊन बसले. भजन झकास झालं. पायरीवरची माणसं वाहवा करत होती, मला तर जीव नकोसा झाला होता.

उठून चुलत्यांजवळ जाऊन बसलो. टाळ वाजत होते, त्यांचे ओठही हलत होते. मी अगदी तोंडाशी कान नेला. ते आवाज काढतच नव्हते.