श्वासाचा रकाना

माणसाचा श्वास मोजायचा तर त्याला ते कळू द्यायचं नसतं. कळलं की तो वेगळाच श्वास घ्यायला लागतो. म्हणून मनगट धरायचं, नाडी मोजून झाली तरी सोडायचं नाही, त्याला वाटू द्यायचं की अजून नाडीच चालू आहे. नजर मात्र छातीवर. चादर वर जाते, खाली येते, तो एक. असं पूर्ण मिनिटभर. नर्सिंगच्या पहिल्या वर्षी मॅडमनी हे आम्हाला वर्गातल्या पुतळ्यावर शिकवलं. पुतळा श्वास घेत नव्हता, त्यामुळे आम्ही सगळ्याजणी पास झालो.

खऱ्या माणसाच्या छातीकडे मिनिटभर बघणं मला जमलं नाही.

मी कळंबजवळची. शाळा कर्जतला, इंग्लिश मीडियमची. घरी पाहुणे आले की मला इंग्रजी बोलून दाखवायला सांगत आणि मी दाराच्या मागे जाऊन उभी राहत असे. शाळेत मराठी बोलायचं नाही, घरी इंग्रजी बोलायला कुणी नाही. या दोन्हीच्या मधे मला गप्प बसायची सवय लागली. बारावीनंतर मामीने आईला सुचवलं, हिला नर्सिंगला घाला, इंग्रजी आहे, बाहेरच्या देशात लगेच घेतात. मामीच्या माहेरची एक मुलगी तशी गेली होती. मला कुणी विचारलं नाही हे खरं, पण मी नाही म्हटलं नाही हेही खरं. माझी समजूत अशी होती की बोलायचं काम डॉक्टरांचं, नर्सने हाताने काम करायचं. वॉर्डातल्या पहिल्या सकाळीच ती समजूत गेली.

कॉलेज खालापूरच्या बाजूला. प्रॅक्टिकलसाठी आम्हाला बायकांच्या वॉर्डात पाठवत. सकाळी दहाच्या आत सगळ्या बेडचा ताप, नाडी आणि श्वास घेऊन चार्टवर लिहायचा, पुढे सही करायची. अकरा नंबरच्या बेडवर एक आजी होत्या. भातकापणीत विळा पायाला लागला होता, साखर होती, जखम चिघळली. सून सोबत असायची. सासूला ती आत्या म्हणायची, आणि रोज सकाळी डब्यातली तांदळाची भाकरी ताटलीत कुसकरून द्यायची.

पहिल्याच दिवशी आजींनी मला विचारलं, कुठली. मी सांगितलं, कळंब.

"म्हंजे आमच्याच बाजूची की. मग अशी पाव्हण्यासारकी का बोलतेस गं?"

मी हसले असेन. ताप किती आला म्हणाल्या तर माझ्या तोंडून नाइंटी-नाइन निघालं, कारण नव्याण्णव म्हणताना मी नेहमी अडखळते. त्यावर त्या सुनेला म्हणाल्या की ही मुकी आहे, आणि बोलते तेव्हा विंग्रजी बोलते. तेव्हापासून मी वॉर्डात शिरले की पलीकडून हाक यायची, आली का माझी मुकी. मला ते आवडत नव्हतं. चेहऱ्यावर काही दिसू न देण्यात मी लहानपणापासून पटाईत आहे, त्यामुळे त्यांना ते कळलं नसावं.

तिसऱ्या दिवशी मी त्यांचं मनगट धरून उभी होते. नाडी झाली होती, श्वास मोजणं चालू होतं, आकडा अकरापर्यंत आला होता.

"काय बघतेस गं मघापासनं?" आजी मोठ्याने म्हणाल्या. "लुगडं आवडलं का? जा घेऊन, पन जुनं हाय."

सगळा वॉर्ड हसला. सून हसली, दहा नंबर हसली, दारातली मावशीही झाडू थांबवून हसली. आजींनी पदर सारखा केला. त्यात वाईट काहीच नव्हतं, एवढ्या दुखण्यात त्यांनी सगळ्यांना हसवलं होतं. पण माझे कान गरम झाले आणि आकडा हरवला. मी बाहेर आले आणि माझ्यासोबत ड्यूटीला असलेल्या मुलीला विचारलं की तू श्वास कसा मोजतेस.

"मोजतं कोण?" ती म्हणाली. "वीस लिही. सगळ्यांचं वीसच असतं. मधे एखादं बावीस टाकायचं, म्हणजे खरं वाटतं."

मी चार्टची मागची पानं चाळली. वीस, वीस, बावीस, वीस. सकाळचे आणि दुपारचे, पाच जणींच्या अक्षरांत. माझे दोन दिवस खरे होते, अठरा आणि एकोणीस, आणि त्या रांगेत तेच चुकल्यासारखे दिसत होते. त्या दिवशी मी वीस लिहिलं. पुढेही तेच. मनगट मात्र धरत राहिले, तेवढी सवय मोडली नाही. अर्धं मिनिट नाडी, मग उरलेलं अर्धं मिनिट खिडकीबाहेर बघत उभं राहायचं.

सातव्या दिवशी मी वॉर्डात शिरले आणि हाक आली नाही.

आजी उशीला टेकून बसल्या होत्या. माझ्याकडे बघून त्यांनी बोट थोडं उचललं, एवढंच. ताप होता. नाडी एकशे आठ होती, ती मी बरोबर लिहिली. तापात नाडी वाढते हे मला पाठ होतं. सून म्हणाली, कालपासून आत्या बोलायला लागल्या की मधेच थांबतात, दोन घासांत दमतात. मी म्हटलं, सिस्टरना सांगते. सिस्टर म्हणजे वॉर्डाच्या इनचार्ज. त्या तेव्हा डॉक्टरांच्या राउंडबरोबर दुसऱ्या टोकाला होत्या. मी थोडा वेळ घोळक्याच्या मागे उभी राहिले. मधे बोलायचं धाडस झालं नाही, आणि मी बारा नंबरकडे गेले. नंतर ते राहिलं. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र सिस्टरच्या ड्रॉवरमध्ये होतं, छातीच्या पेशंटसाठी. अकरा नंबर पायाची पेशंट होती.

आणि मला बरं वाटलं होतं. आज मुकी म्हणाल्या नाहीत, कुणी हसलं नाही, काम लवकर आटपलं. मी श्वासाच्या रकान्यात वीस लिहिलं आणि सही केली.

साडेअकराला सिस्टर पायाचं ड्रेसिंग करायला आल्या. पट्टी सोडायच्या आधीच त्या थांबल्या, घड्याळ वर केलं आणि नुसत्या बघत राहिल्या. मी दारातून बघत होते. एवढं उघडपणे कुणी कुणाकडे बघताना मी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना बोलावलं. श्वास अडतीस होता. तासाभरात आजींना ॲम्ब्युलन्सने पनवेलला हलवलं. सून पिशवी घेऊन मागे धावली. भाकरीचा डबा लॉकरमध्येच राहिला.

सिस्टरनी आम्हाला ओळीत उभं केलं आणि चार्ट वाचून दाखवला. "वीस, वीस, बावीस, वीस. माणूस आहे का भिंतीवरचं घड्याळ?" कुणाची सही कुठली हे त्यांनी विचारलं नाही, कागदावर ते होतंच.

रविवारी मी घरी गेले. आईने माझा युनिफॉर्म धुऊन, नीळ घालून रस्त्याकडच्या तारेवर वाळत टाकला होता. मागे अंगणात जागा आहे, पण तो रस्त्यावरून दिसावा म्हणून ती पुढेच टाकते. शनिवार-रविवार फार्महाउसकडे जाणाऱ्या गाड्यांची धूळ त्यावर बसते आणि मला तो परत झटकावा लागतो. जेवताना मी म्हटलं की मला हे जमणार नाही, दुसऱ्या वर्षाचा फॉर्म भरायचा नाही.

आईने विचारलं, कोण काही बोललं का. मी नाही म्हटलं. मग ती समजुतीने म्हणाली, "रक्ताची सवय होते गं हळूहळू." रक्ताचं मला कधीच काही वाटलं नव्हतं. बाबा म्हणाले, निदान परीक्षा होऊ दे, मग बघू. मी पुढे काही सांगितलं नाही. सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

संध्याकाळी मागच्या पायरीवर बसून मी स्वतःला विचारत होते की हा नुसता लाजाळूपणा आहे की दुसरं काही. लाजाळूपणा असता तर चाललं असतं, लाजाळू नर्सेस असतातच. पण मला बारीकसारीक सगळं दिसतं. कुठल्या बाईचा मुलगा भेटायला येत नाही, कोण गोळ्या गादीखाली लपवतं, सिस्टर जिना चढताना कुठल्या गुडघ्यावर हात ठेवतात. आजींचं बोलणं बंद झालेलं मला सुनेने सांगायच्या आधी कळलं होतं. ते कळून मला सुटल्यासारखं वाटलं. ज्या माणसाला असं वाटतं त्याने आजारी माणसांच्या जवळ जावं का?

सोमवारी मी सिस्टरच्या टेबलासमोर उभी राहिले. त्या औषधांची यादी लिहीत होत्या. मी वाक्य वाटेत तयार केलं होतं.

"सिस्टर, अकरा नंबरचा श्वास मी मोजला नव्हता."

"माहीत आहे." त्यांनी पेन खाली ठेवलं नाही. कधीपासून, विचारलं. मी म्हटलं, तिसऱ्या दिवसापासून. सून काय म्हणाली होती आणि मी ते कसं सांगितलं नाही, तेही सांगितलं. तेव्हा त्यांनी वर बघितलं.

"पाच जणींच्या सह्या आहेत. आलीस तू एकटी." क्षणभर मला वाटलं, त्या काही बरं बोलतील. "म्हणून तू चांगली नर्स होशील असं समजू नकोस. तुझ्या कबुलीने कुणाचा दम कमी होत नाही."

मग त्यांनी सांगितलं की आठवडाभर वॉर्डातले सगळे बेड मी करायचे, पूर्ण मिनिट, त्या समोर बसणार. आजींचं काही कळलं का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, तिथून आपल्याला कोण कळवतंय.

तो आठवडा मी मोजत राहिले. लोकांना कळतंच. कुणी पदर ओढून घेतला, कुणी कूस बदलली, एका बाईने स्पष्ट विचारलं की तोंडाकडे बघायचं सोडून इकडे काय. माझे कान तसेच गरम व्हायचे. आकडा हरवला की पहिल्यापासून. लाज कमी झाली नाही, फक्त तिला मिनिटभर थांबवून ठेवता यायला लागलं.

त्यानंतर काही दिवसांनी आजींची सून फाइल न्यायला आली. मी दारात होते. तिनेच सांगितलं, "पनवेलला चार दिवस होत्या. गेल्या." ती रडत नव्हती. भाताची झोडणी तशीच पडलीय, म्हणाली, आज कागद मिळाले तर बरं. मी आत जाऊन डबा आणला. तो मी आदल्या आठवड्यात घासून वॉर्डाच्या किचनमध्ये ठेवला होता. तिने झाकण उघडून आत बघितलं, परत लावलं.

"तुमी रोज आत्यांचा हात धरून हुब्या राहायच्या ना," ती म्हणाली, "तिकडं तसं कुनी नाय केलं. आत्या बोलल्या, आमची मुकीच बरी होती."

तेव्हा सांगायला हवं होतं. सिस्टरना सांगितलेलं वाक्य तोंडात तयार होतं, नवीन काही जुळवायचंही नव्हतं. तिने थांबून माझ्याकडे बघितलंही. मी म्हटलं, "फाइल त्या खिडकीत मिळेल." ती डबा पिशवीत टाकून त्या खिडकीकडे गेली, रांगेत उभी राहिली. मी तिथून तिला दिसत होते. तिने एकदा हात केला.

दुसऱ्या वर्षाचा फॉर्म मी त्याच दिवशी दुपारी भरून दिला. आईला वाटतं, माझी भीती गेली. मी तिला तसंच वाटू दिलं आहे. खरं म्हणजे सोडायचं तर का सोडते हे कुणाला तरी सांगावं लागलं असतं, आणि ज्या बाईला सांगायला हवं होतं तिला मी खिडकी दाखवली होती. आता मी दुसऱ्या वर्षाला आहे. पायरीवरचा प्रश्न तिथेच आहे.

त्या दिवशी सून गेल्यावर मी वॉर्डात परत आले. अकरा नंबरला तापाची एक बाई आली होती, माझ्याहून थोडीच मोठी. मी तिचं मनगट धरलं. नाडी झाली, मी सोडलं नाही. तिने विचारलं, काय बघताय. मी मोजत राहिले. चोवीस आले. खरं वाटेना म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजले. चोवीसच होते. मी रकान्यात चोवीस लिहिलं, सही केली, आणि सिस्टरना जाऊन सांगितलं.