उरलेली शाई

आत्या कुठल्याही चित्राला कधी चांगलं किंवा वाईट म्हणाल्या नाहीत. त्या कागदाचा कोपरा उचलून बघायच्या आणि म्हणायच्या, "आहे," किंवा "नाही." स्टुडिओतल्या बंगाली मंडळींना मराठीतले हे दोनच शब्द येत. चित्रकलेवर याहून जास्त शब्द खर्च करणारी माणसं मी बरीच ऐकली आहेत, त्यांच्याकडून मला याहून जास्त कळलं असं मात्र म्हणवत नाही.

हा स्टुडिओ म्हणजे सियालदह स्टेशनच्या मागच्या गल्लीतल्या एका जुन्या घराचा तळमजला. चौघांत मिळून एक लोखंडी प्रेस, एक पंखा आणि एक किटली. आम्ही पत्र्यावर सुईने चित्र कोरायचो आणि पत्रा आम्लात बुडवून रेघा खोल करायचो. मग त्या रेघांत शाई भरायची, ओला कागद वर ठेवायचा, त्यावर जाड लोकरी ब्लँकेटं टाकायची आणि भलंमोठं चाक फिरवून सगळं प्रेसमधून काढायचं. एकट्याचं काम नव्हे. परमा कोरण्यात तरबेज होती, आम्लाचं शुभो बघायचा, पत्र्यावरची जादा शाई पुसणं माझ्याकडे आणि चाक आत्यांकडे. मी आठवडाभर न्यू टाउनमध्ये कॉम्प्युटरसमोर बसून लोकांच्या चुका पुसतो, त्यामुळे पुसण्याचं काम मला सहज जमलं.

त्यांना सगळ्यांची आत्या करून टाकलं ते मीच. पहिल्या दिवशी त्यांनी माझं गाव विचारलं. अमरावती म्हणताच म्हणाल्या, "माझं माहेर. म्हणजे तू माझा भाचा, मी तुझी आत्या." यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत होते, ते गेल्यावर सॉल्ट लेकच्या फ्लॅटमध्ये एकट्याच राहायच्या. मी आत्या म्हणतो ते ऐकून बाकीच्यांना ते नावच वाटलं आणि त्या सगळ्यांच्या आत्यादी झाल्या, जसा मी श्रीदा.

स्टुडिओचा एक नियम होता, आणि तो आत्यांचाच. छापलेला कागद चित्रकाराने स्वतः उचलायचा नाही. आधी दुसऱ्याने बघायचं, मग तो कागद त्याच्या हातात द्यायचा. "आपलं आपण बघितलं की माणूस लगेच स्वतःची समजूत काढायला लागतो," त्या म्हणायच्या. एकदा त्या माझा कागद उचलून उजेडाकडे घेऊन गेल्या. मग म्हणाल्या, "नाही. घाबरून कोरलंयस." मी घाबरूनच कोरलं होतं. पत्रा घासून पुन्हा सुरुवात केली, आणि पुढचे चार रविवार त्या माझ्या शेजारी स्टूल टाकून लोकरीचं काहीतरी विणत बसल्या.

दुसरी सवय काटकसरीची. एक छाप काढला की पत्र्यावर थोडी शाई उरते. चहाच्या चोथ्यावर दुसरं पाणी ओतावं तसा आत्या त्याच पत्र्याचा नव्याने शाई न लावता आणखी एक फिकट छाप काढत. शुभो त्याला भूत म्हणायचा. कुठूनसा एक कलासमीक्षक आला, त्याने ही भुतं बघितली आणि 'अनुपस्थिती' या विषयावर तो बोलतच राहिला. आत्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "जरा चाकाला हात लावता का?"

अनुपस्थिती खरोखर सुरू झाली ती त्यानंतर. मी गल्लीतला चहावाला कोरला होता. पहिल्या छापात तो नीट होता, दुसऱ्यात नुसती शेगडी आणि बाकडं. पुढच्याच महिन्यात तो बिहारला गावी गेला आणि परत आला नाही. मी म्हटलं, शाई कमी पडली. मग शुभोच्या चित्रातल्या गच्चीवरून त्याची आजी नाहीशी झाली आणि हिवाळ्यात वारली. आजी नव्वदीची होती, त्या वयात जायला भुताची मदत लागत नाही. हेही मी म्हटलं. कोणी हसलं नाही.

त्यामुळे परमाच्या वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा आदल्या दुपारी ती पत्रा घेऊन आली. चित्र स्टुडिओचंच होतं. मधोमध खुर्चीत छत्री धरून तिचे बाबा, मागे शुभो आणि मी, आणि बाजूला प्रेसचं चाक अंगाने झाकून उभ्या आत्या. पहिला छाप उत्तम आला.

"आत्यादी, आता भूत काढा," परमा म्हणाली.

"कशाला? डॉक्टर आहेत की."

"मला बघायचंय."

"आणि बघून काय करणार? ऑपरेशन रद्द?"

"काढा ना!" तिचा आवाज चिरकला. ती दाराकडे पाठ करून, हात घट्ट बांधून उभी राहिली.

आत्यांनी चाक फिरवलं. ब्लँकेटं बाजूला केली, कागदाचा कोपरा उचलला आणि बघत राहिल्या. पंखा तेवढा कुरकुरत होता. मग त्या चक्क हसल्या, मनापासून, कोणी कोडं सोडवून दाखवावं तशा.

"आहे," त्या म्हणाल्या. "मिश्यांसकट आहे तुझा बाप."

"दाखवा."

"ओला आहे. जा, आधी बाबांजवळ जाऊन बस."

परमा रडत रडत गेली. नियमाप्रमाणे कागद तिला मिळायला हवा होता. तो तेवढा मिळाला नाही, आम्हालाही दिसला नाही.

बसस्टॉपवर मी विचारलं, "आत्या, खोटं बोललात ना?"

"तुझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही ना?"

"नाही."

"मग तुला काय करायचंय?"

बाबा खडखडीत बरे झाले. आठवड्यात हॉस्पिटलच्या जेवणाबद्दल तक्रार करू लागले, तेव्हा परमाची खात्री पटली. आत्यांनी वेळेला चांगली थाप मारली, असं माझं मत झालं आणि त्यांच्याबद्दलचा आदर वाढला. त्यानंतर त्या चाकाला हात लावेनाशा झाल्या. "हात भरून येतात," म्हणत त्यांनी परमाला चाक शिकवलं. किती दाब द्यायचा, कुठे थांबायचं, कागद कसा उचलायचा. शिकवण्याची त्यांना घाई झालेली दिसत होती, पण ते आम्हाला नंतर दिसलं.

कालीपूजा झाली आणि आत्या झोपेतच गेल्या. मुलगा बंगळूरहून आला. शोकसभेत एका पाहुण्यांनी त्यांना 'कलेची मूक साधिका' म्हटलं. शुभो माझ्या कानात पुटपुटला, "नाही."

थंडीत आम्ही प्रेसची ब्लँकेटं धुवायला काढली. दोन ब्लँकेटांच्या मध्ये तो कागद होता. इतके महिने आमचा प्रत्येक छाप त्याच्याखालून निघाला होता. परमाने तो गच्चीवर उन्हात धरला. बाबा होते, मिश्यांसकट. शुभो होता. माझा चष्मासुद्धा होता. चाकापाशी कोणी नव्हतं.

शाई कमी पडली, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. चाकाचे सगळे आरे स्वच्छ दिसत होते. आम्ही खाली धावत जाऊन मूळ पत्रा काढला. पत्र्यावर आत्या उभ्या होत्या, आणि त्यांच्यामागचे आरे परमाने कोरलेलेच नव्हते. शाई कमी पडली तर रेघ जाते. नसलेली रेघ येत नाही.

"खोटं नव्हत्या बोलल्या," परमा म्हणाली. त्या हसल्या होत्या, ते मला आठवत होतं.

भूत काढणं आम्ही बंद केलं नाही. आत्यांची पद्धत मोडायला कोणी तयार नव्हतं. गेल्या महिन्यात मी चहाच्या वेळचं चित्र कोरलं, किटलीभोवती आम्ही तिघं. पहिला छाप झाला. परमाने दुसरा काढला, कोपरा उचलला आणि बघत राहिली. मग हसली, पण ते हसू तिला आत्यांसारखं जमलं नाही.

"आहे," ती मराठीत म्हणाली.

"दाखव."

"ओला आहे, श्रीदा. तुम्ही चहा घ्या."

मी चहा घेतला. कागद अजून मागितलेला नाही. सध्या रविवारी शुभोला शाई पुसायला शिकवतो आहे, हाताचा तळवा कसा फिरवायचा, कुठे थांबायचं. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही.