रविवारची गोळी

माझी मुलगी तेव्हा चौदा वर्षांची होती. दमा लहानपणापासूनचा आणि वजन गेल्या दोन-तीन वर्षांत वाढत गेलेलं. इकडे हिंदी मुलखात, थाटीपूरच्या आमच्या सरकारी क्वार्टरचे दोन जिने चढून आली की ती दाराशी नुसती उभी राहायची. श्वास जागेवर आल्याशिवाय बेल वाजवायची नाही.

जयेंद्रगंजच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. व्हिटॅमिन डी फारच कमी निघालं. "दर रविवारी ही एक गोळी, दुधाबरोबर," ते म्हणाले. "दम्याचा पंप मात्र रोज, दोन्ही वेळा."

मी गोळीचंच धरून बसले. पंपाची सवय लागते, पुढे लग्नात अडचण येते, असं सासरी सगळे म्हणत आणि मलाही ते पटायचं. रविवारी गोळी देऊन मी तिला गच्चीवर उन्हात बसवायचे. पंपाची एखादी वेळ चुकली तर काही बोलायचे नाही. हळूहळू दोन्ही वेळा चुकू लागल्या.

तिसऱ्या महिन्यात नणंदेकडे हळदीकुंकवाला गेलो होतो. तिथं धूप जाळलेला. बघता बघता मुलीला धाप लागली, बोलता येईना. ऑटोत ती पुढे वाकून माझा हात घट्ट धरून बसली होती. इस्पितळात ऑक्सिजन लावला, जरा बरं वाटलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, "पंप रोज लेती हो?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "नहीं. मैं ही भूल जाती हूँ."

मी ते खोडून काढलं नाही, पिशवीतून तिची फाईल काढून पुढे केली.

पुढच्या तपासणीत व्हिटॅमिन भरून निघालं होतं. डॉक्टर म्हणाले, "हाडांना चांगलं. पण त्यानं दमा आटोक्यात येईल, असं मी म्हटलं नव्हतं." खरंच म्हटलं नव्हतं.

याला वर्ष झालं. आता पंप मी समोर उभी राहून देते. तरी खोकला हटत नाही, वजनही उतरत नाही. गणपतीतल्या लेझीमच्या पथकातून तिनं आपणहून नाव काढून घेतलं.

"पुढच्या वर्षी खेळशील," ती वहीत लिहीत बसली होती तेव्हा मी म्हटलं.

"आई, तू हर बार यही बोलतेस. आता नको ना बोलू."

ती पुन्हा वहीत लिहू लागली. मी स्वयंपाकघरात आले. तिथपर्यंत तिच्या छातीतली घरघर ऐकू येत होती.