वावरातली न्हाणी

मोतीबाईच्या तोंडी लागू नये, असं अर्धं गाव म्हणतं. उरलेलं अर्धं तिनंच न्हाऊमाखू घातलेलं, त्यामुळे त्याला बोलायची सोयच नाही. तांड्यावरून ती तेलाची वाटी घेऊन निघाली की बाळंतिणीच्या घरी चुलीवर पाणी चढतं. तिचा कायदा एकच: सव्वा महिना बाळंतिणीचं अंग माझ्या हाताखाली.

नीळकंठभाऊच्या सुनेचं, भैरवीचं, हे दुसरं बाळंतपण. पहिलं माहेरी झालं, दुसरं रीतीप्रमाणे सासरी. नवरा सलील लोहाऱ्याला कारखान्यात, घरी यायचा तो शनिवारी. विसाव्या दिवशी मोतीबाई आली, तर बाज रिकामी. सासू द्वारकाबाई नातीला मांडीवर घेऊन साखरपाणी चाटवत होती.

"सून कोठं हाये व?"

"वावरात." द्वारकाबाईनं मान वर केली नाही. "अर्धा कापूस बोंडअळीनं नेला. उरला तो फुटून राह्यला, अन् वरून हे आभाळ. वेचणाऱ्या बाया पुरत नाहीत. बसून बसून वेचीन, असं तीच म्हणे."

"तीच म्हणे?"

"मंग मी काय खोटं बोलून राह्यली?"

मोतीबाई बोलत नाही तेव्हा शहाण्यानं दार लावून घ्यावं. तिनं पोर उचलून खाकोटीला मारली, न्हाणीतला हंडा डोक्यावर ठेवला, दोरीवरची दोन लुगडी ओढली.

"हंडा कोठं चालवला?"

"न्हाऊ घालाले."

रस्ताभर ती शिव्या देत गेली, त्याही नाव घेऊन. तिला स्वतःला बाळंतपणाच्या पाचव्या दिवशी दुसऱ्याच्या वावरात निंदायला पाठवलं होतं. तेव्हा अंग खाली सरकलं, ते अजून जागेवर नाही. जोरात खोकली तरी लुगडं बदलावं लागतं. याची दवंडी कोणी पिटत नाही. बाई लाजेनं मरते आणि घरचे म्हणतात, काटक होती हो.

भैरवी कापसाच्या पऱ्हाटीच्या ओळीत कमरेला वेचणीची ओटी बांधून उकिडवी बसली होती. पोलकं दुधानं भिजलेलं, ओठ पांढरे.

"तू म्हणली होती येतो म्हणून?"

"नाही, मोतीमाय."

"मंग विचारलं कोणी?"

"विचारलं नाही. ओटी आणून देली."

मोतीबाईनं पोर तिच्या पदराखाली दिली. मग वावराच्या ऐन मधोमध, जिथून चारही बाजूंचे धुरे, म्हणजे बांध, दिसतात अशा निंबाखाली, तिनं आडोशाला लुगडी बांधली, तीन दगड मांडले, मागच्या सालच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवल्या आणि विहिरीचं पाणी तापायला ठेवलं.

नीळकंठभाऊ कापूस मोजायच्या काट्याजवळून ओरडत आला. "मोतीबाई, हे काय मांडून राह्यली?"

"बाळंतिणीची न्हाणी. माणसानं थांबू नये. थांबाचं असंल तं थांबा, मी हिचं लुगडं सोडून राह्यली."

नीळकंठभाऊ असा वळला, की बैलसुद्धा दचकले. त्याच्यामागं गाडीवान, त्याच्यामागं काट्यावरचा माणूस. सगळे धुऱ्यापलीकडे, वावराकडे पाठ करून उभे. सुनेची न्हाणी बघितली म्हटल्यावर राळेगावच्या बाजारात तोंड दाखवायची सोय राहिली नसती. कापूस मोजायला कोणी नाही, म्हणून वेचणाऱ्या बायाही निंबाखाली येऊन बसल्या.

"आम्ही तं बाराव्या दिवशीच आलतो कामाले," एक म्हणाली.

"म्हणूनच कमरा धरून चालता," मोतीबाई म्हणाली. "मोठा पराक्रम केला."

मग मोतीबाईनं भैरवीच्या पोटऱ्या चोळल्या, कंबर चोळली, कढत पाणी घातलं, पोट पट्ट्यानं आवळलं. रागातही तिचा दाब कुठं चुकला नाही. लेकरू पिऊन झोपलं.

"उद्या मी परत इथंच येतो," ती भैरवीला म्हणाली. "पण सव्वा महिना मी काहून भांडू? अंग तुयं हाये. तोंडबी तुलेच देलं हाये."

आभाळ आणखी खाली आलं. धुऱ्यावरून, पाठ तशीच ठेवून, नीळकंठभाऊनं हाक मारली, "आटपलं काय? पाणी आलं तं कापूस काळा पडंल. अजून किती वेळ लागंल?"

मोतीबाई पट्ट्याची गाठ चाचपत भैरवीकडं बघत राहिली.

"मामाजी," लुगड्यामागून भैरवी बोलली. त्या घरात तिचा आवाज एवढा मोठा पहिल्यांदाच निघाला. "सतरा दिवस लागतील."

नीळकंठभाऊनं आभाळाकडं बघितलं, आणि गाडीवानाला बैल जुंपायला सांगितलं. गाडीत बोऱ्या अंथरून भैरवीला घरी पोचवलं, आणि येताना त्याच गाडीत द्वारकाबाई आली. दुपारपासून नवराबायको दोघं ओटी बांधून वेचत होते. तिसऱ्या ओळीत नीळकंठभाऊ कंबर धरून खाली बसला. बाया पदराआड हसल्या. मोतीबाई हसली नाही. विझलेल्या चुलीचे दगड तिथंच ठेवून ती हंडा घेऊन निघाली.